हवामान साफ आहे

मेहकर,
९ फेब्रुवारी २०२५

जयाताई,

तुह्या फोनवर आता रिंगसुद्धा जात नाही. म्हणजे भाऊजीनं नाहीतर तू स्वतः माहा नंबर बंद करून टाकला. म्हणून हे पोस्टानं पाठवून राह्यली. पोस्टमनले कोणी बंद करू शकत नाही.

घाबरू नको. लग्नाले येते म्हणून सांगाले लिहिलं नाही. पत्रिका आली नाही म्हणजे बोलावणं नाही, एवढं मले समजते. सोळा तारखेले सुचिताचं लग्न आहे हे मले साखरखेर्ड्याच्या बनाबाईनं सांगतलं. तिच्या घरी पत्रिका गेली. आपली माय जिच्यासंगं जन्मभर बोलली नाही तिच्या घरी गेली, अन् सख्ख्या मावशीच्या घरी नाही. असो.

मले फक्त एवढंच कळवायचं आहे, का त्या दिवशी मी घरात तोंड पाडून बसणार नाही. मी समुद्रात राहीन. जहाजात. 'जलवैभव' नाव आहे जहाजाचं. लहान आहे, पण लहान म्हणूनच भारी, असं जाहिरातीत लिहिलं आहे. मोठ्या जहाजात गर्दी असते, याच्यात निवडक माणसं. मुंबईवरून निघायचं, रत्नागिरी, मालवण, मंग गोवा. प्रत्येक खोलीतून समुद्र दिसते. वरच्या मजल्यावर पोहायचा तलाव. रोज संध्याकाळी गाणं-बजावणं. मालवणले छोट्या होड्यायनं नेऊन किल्ला दाखवणार. सोबतीले पुष्पाबाई आहे. मेहकर आगारातली माही जोडीदारीण. संगंच कंडक्टर म्हणून लागलो अन् संगंच रिटायर झालो. ती म्हणते, जन्मभर दुसऱ्यायले तिकिटं फाडून दिली, एकदा आपलं तिकीट कोणीतरी फाडू दे.

तू म्हणशीन, कोकीनं तारीख मुद्दाम निवडली. हाव, मुद्दाम निवडली.

तुले अजूनबी वाटते का मी पोरीचं नुकसान केलं. तिच्या पहिल्या साखरपुड्यात मी काय केलं ते एकदा निवांत बसून आठव. पोरगी पाटावर बसलेली, मांडव भरलेला, अन् पोराचा बाप भाऊजीले बाजूले घेऊन चारचाकी गाडी मागते. भाऊजी हात जोडून उभे. मी मधात गेली अन् म्हटलं, "गाडी पाह्यजे असंल तं शोरूममधे जा. इथं पोरगी आहे." मोठ्यानं म्हटलं हे खरं. माहा आवाजच तसा आहे, एस्टीच्या मागच्या सीटपर्यंत जाणारा. ते लोक उठून गेले, अन् तू त्या दिवसापासून माह्यासंगं बोलली नाही. मी आजबी म्हणते, बरोबर बोलली.

आता नवे सोयरे खामगावचे, मोठे लोक. ते मोडलेलं प्रकरण त्यायच्या कानावर जाऊ नये म्हणून मले दूर ठेवलं, हेबी बनाबाईच्या तोंडूनच कळलं. ठेवा दूर. मी तं आणखी दूर चालली.

फोटो स्टेटसवर टाकीन. तुले दिसणार नाहीत. तुह्या धाकट्या छकुलीले दिसतील, तिनं मले बंद नाही केलं.

तुही,
कोकिळा


जहाज 'जलवैभव',
१४ फेब्रुवारी

ताई,

जहाज म्हणजे राजवाडा आहे. आत गेल्या गेल्या आमच्या गळ्यात हार घातले अन् हातात थंडगार सरबत दिलं. गालिचा एवढा मऊ का पुष्पाबाईनं चपला काढून हातात घेतल्या. मी तिले म्हटलं, घाल वं बाई, लोक पाहून राह्यले.

मेहकरवरून आम्ही एस्टीनं मलकापूरले आलो अन् तिथून रेल्वेत बसलो. गाडीले वेळ होता, पण मी तुह्या गल्लीकडे फिरकली नाही. स्टेशनावरच बसली.

आमच्या खोलीले मोठी खिडकी आहे. समुद्र दिसते. म्हणजे खिडकीसमोर जीव वाचवायची एक नारिंगी होडी टांगली आहे, तिच्या खालून दिसते. वाकलं का चांगला दिसते. तलावबी आहे. निळी फरशी लावलेला, देखणा. सध्या त्यात पाणी नाही, खुर्च्या रचून ठेवल्या आहेत. आपल्या मळ्यातला बैलायचा हौद त्याच्यापेक्षा मोठा होता, पण त्याले कुठं निळी फरशी होती? एसी जोरदार आहे. एवढा जोरदार का बंदच होत नाही. पुष्पाबाई स्वेटर घालून, वरून शाल घेऊन बसते. तिले जहाज लागलं आहे. घाटातल्या वळणावर उभं राहून जिनं तिकिटं फाडली, ती बाई इथं सपाट पाण्यावर उलट्या करून राह्यली.

जेवण चांगलं आहे. काल पनीर होतं. आज सकाळी पनीर होतं. दुपारी त्याले दुसऱ्या नावानं आणलं. गाणारी बाई आली नाही, म्हणून मशीनवर गाणी लावली अन् मॅनेजरनं स्वतः टाळ्या वाजवून दाखवल्या.

आज रत्नागिरीले उतरायचं होतं. ते रद्द झालं. भोंग्यावर सांगतलं, "खराब हवामानामुळे प्रवाशांच्या सुरक्षेसाठी थांबा रद्द करण्यात येत आहे." मी वर जाऊन पाह्यलं तं आभाळात ढगाचा तुकडा नाही. पण समुद्राचं आपल्याले काय समजते? तिकडे दूर काही चालू असंल.

समुद्र मात्र खरा आहे, ताई. त्यात काही फसवणूक नाही. सकाळी मी कठड्याले धरून उभी होती, अन् चारी बाजूनं काहीच नव्हतं. झाड नाही, खांब नाही, फाटा नाही. मले वाटलं होतं भेव लागंल. नाही लागलं. उलट छातीवरून कोणीतरी हात काढल्यासारखं वाटलं. तू असती तं तुले डोळे मिटाले लावून मी तुहा हात धरला असता, लहानपणी विहिरीत डोकावताना तू माहा धरायची तसा.

हे मधातच लिहिल्या गेलं. सोडून दे.

कोकिळा


जहाज 'जलवैभव',
१५ फेब्रुवारी

ताई,

कालचं पत्र पर्समधेच आहे. इथं पोस्टाची पेटी कुठं? आता वाचून पाह्यलं अन् फाडून टाकायचं मनात आलं. मंग म्हटलं, राहू दे. दोन्ही संगंच पाठवीन.

खरं सांगते. जहाज फालतू आहे. त्या सरबतानंतर आम्हाले चांगलं असं काहीच भेटलं नाही. खिडकीतून समुद्र दिसत नाही, होडीचं बूड दिसते. नळाले गरम पाणी येत नाही. आज दिवसभर जहाज एकाच जागी उभं आहे अन् काऊन उभं आहे ते कोणी सांगत नाही. मॅनेजर कोट-टाय घालून फिरते, कोणी काही इचारलं का म्हणते, "एन्जॉय करा ना मॅडम." मी तुले दाखवाले म्हणून आली होती. काल फोटो काढला तं मागं खुर्च्या भरलेला तलाव आला. मंग मी दुसऱ्या बाजूनं काढला, त्यात फक्त माहं नाक अन् आभाळ. तोच स्टेटसवर टाकला.

दुसरंबी खरं सांगते. मलकापूरले मी स्टेशनावर बसून नव्हती. पुष्पाबाईले सामानापाशी बसवलं अन् तुह्या गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत आली. मांडववाले बांबू उतरवून राह्यले होते. भाऊजी उभे राहून त्यायले वरच्या कापडाचा रंग सांगून राह्यले होते. दारावर रांगोळी काढायसाठी जागा सारवलेली होती. मी पानटपरीच्या आडून पाह्यलं अन् वापस फिरली. टपरीवाल्यानं इचारलं, "कोणाच्या घरी जायचं, काकू?" मी म्हटलं, चुकली रस्ता.

आज हळद असंल. सुचिताले हळद कोणी लावली? लहानपणी तिच्या अंगाले मीच डाळीचं पीठ लावायची, ती पाटावरून निसटून पळायची.

इथं एक केसरबाई म्हणून आजी भेटल्या, अमरावतीकडच्या. नातवायनं आणलं. चाकाच्या खुर्चीत असतात. त्यायले बाकी कशाचं काही नाही. तलाव नाही, पनीर आहे, त्या हसून म्हणतात, "राहू दे ना माय." त्यायले फक्त मालवणचा किल्ला पाह्यचा आहे. म्हणे, "मालक मास्तर होते. पोरायले किल्ल्याचा धडा शिकवायचे, अन् घरी येऊन म्हणायचे, केसर, एकदा आपण जाऊ. त्यायचं राहून गेलं." त्यायनं उद्यासाठी नऊवारी काढून ठेवली आहे. मले इचारलं, "उद्या तरी उतरवतील ना वं?" मी म्हटलं, उतरवतील आजी. न उतरवून जातील कुठं?

बोलून तं गेली. उद्याच सोळा तारीख आहे.

कोकिळा


पणजी,
१७ फेब्रुवारी

ताई,

हे बसून वाच. उभ्यानं वाचू नको.

काल सकाळी जहाज मालवणच्या समोर थांबलं. किल्ला एवढा जवळ का बुरूज न् बुरूज दिसे. सगळे लोक तयार होऊन वर आले. केसरबाई नऊवारीत, मांडीवर झेंडूचा हार. तेवढ्यात भोंगा वाजला. "खराब हवामानामुळे मालवणचा थांबा रद्द करण्यात येत आहे."

ताई, पाणी ताटातल्या पाण्यासारखं पडलेलं. आमच्या बाजूनं पर्यटकायच्या होड्या किल्ल्याकडे जाऊन राह्यल्या होत्या, त्यातली लेकरं आम्हाले हात दाखवून राह्यली होती. केसरबाई आभाळाकडे पाहत राह्यल्या अन् हळूच म्हणाल्या, "हवामान कुठं खराब आहे वं?" मंग स्वतःच म्हणाल्या, "असंल. माह्या नशिबातच नसंल."

लोकायनं मॅनेजरले घेरलं. मीबी गेली. जेवढा आवाज होता तेवढा काढला. त्यानं हात जोडले अन् एकच शब्द म्हटला, "सेफ्टी, मॅडम, सेफ्टी." त्या शब्दावर लेकराबाळायचे मायबाप मागं सरकले. माहा आवाज पहिल्यांदाच वाया गेला. मी खुर्चीत बसली. मनात म्हटलं, कोके, तू ओरडू ओरडू घर तोडलं, इथं ओरडून काय होणार आहे?

मंग एक गोष्ट डोक्यात आली. पुरात पूल पाण्याखाली गेला का आम्ही काय करायचो? पुलावरून गाडी घालायची का नाही, हे कंडक्टर ठरवत नाही. डायव्हर ठरवते. अन् मी तं डायव्हरले इचारलंच नव्हतं.

वरच्या जिन्यावर प्रवाशायले बंदी अशी पाटी होती. पुष्पाबाई म्हणे, "कोकिळा, पकडतील वं." मी म्हटलं, पकडून कुठं नेतील, समुद्रातच आहो. ती पिवळी पडलेली, तोंडाले पदर लावलेला, तरी माह्या मागं चढली.

कप्तान दाढीवाला, साठीतला माणूस. रत्नागिरीकडचा. चहा पिऊन राह्यला होता. मी ओरडली नाही, ताई. देवाशपथ, एकदम हळू बोलली.

"साहेब, एकच विचारायचं. हवामान खराब आहे, असं तुम्ही सांगितलं का?"

त्यानं कप ओठापाशी धरला तसाच राह्यला. "मी असं काही सांगितलेलं नाही."

"मंग आज होडीत उतरणं धोक्याचं आहे?"

"आज? आज तान्हं बाळ घेऊन उतरलात तरी चालेल."

"मंग?"

तो खिडकीबाहेर पाहत म्हणाला, "कंपनीनं होड्या ठरवल्याच नाहीत, बाई. रत्नागिरीलाही तेच झालं. पण प्रवाशांचा कार्यक्रम ते ठरवतात. मी फक्त जहाज चालवतो."

मी म्हटलं, "हे मले समजते. मी एस्टीत कंडक्टर होती. डायव्हरच्या नावावर खोटं बोलली असती तं त्यानं मले रस्त्यात उतरवून दिलं असतं. खाली एक म्हातारी हार घेऊन बसली आहे. तिले वाटून राह्यलं का आभाळच तिच्यावर रुसलं. तिले कंपनीवर रागावू द्या ना साहेब. आभाळावर काऊन?"

त्यानं कप ठेवला, टोपी घातली अन् भोंग्याचं बटण दाबलं.

"मी जहाजाचा कप्तान बोलतोय. हवामान साफ आहे. समुद्र शांत आहे. प्रवाशांना उतरवायला माझी काहीच हरकत नाही. होड्यांची व्यवस्था झालेली नाही, एवढंच कारण आहे. ती होईपर्यंत मी नांगर उचलणार नाही."

ताई, खालून असा आवाज उठला का पुष्पाबाईची उलटी जागच्या जागी थांबली! आम्ही जिन्यावरून उतरलो तं लोक टाळ्या वाजवून राह्यले होते. मॅनेजर फोनवर मालवणच्या होडीवाल्यायशी बोलून राह्यला होता, टाय सोडून खिशात कोंबलेला. माह्याजवळ आला अन् म्हणाला, "मॅडम, दोन दिवस माझ्या तोंडून खोटं वदवून घेत होते. बरं झालं, सुटलो." मले त्याच्यावर राग धरता आला नाही.

होड्या आल्या. कप्तान स्वतः खाली आला अन् केसरबाईले दोन खलाशायनं खुर्चीसकट उचलून होडीत ठेवेपर्यंत शिडीपाशी उभा राह्यला. किल्ल्याच्या दारातून आत जाताना केसरबाईनं खुर्ची थांबवाले लावली. म्हणे, "आता मले पायानं जाऊ द्या." नातवाच्या अन् माह्या खांद्यावर हात ठेवून चार पावलं चालल्या. भिंतीच्या दगडावर तळहात ठेवला अन् म्हणाल्या, "मास्तर, आली बरं मी."

आता पुढचं तुह्याबद्दल आहे.

आम्ही तटावर बसलो होतो. तिथं फोनले रेंज आली अन् लगेच व्हिडिओ कॉल आला. छकुलीचा. मी उचलला तं समोर मांडव. अंतरपाट धरलेला. छकुली हळूच म्हणाली, "मावशी, बोलू नको, फक्त पाहा. सुचिताताईनंच लावाले सांगतलं."

पोरीले रागावू नको. ती तुह्या मागंच उभी होती. आपल्याकडची लग्नं कधी वेळेवर लागत नाहीत, त्याचा मले पहिल्यांदा फायदा झाला.

सुचितानं मान वाकडी करून फोनकडे पाह्यलं. तिचे डोळे भरलेले होते अन् ती हसून राह्यली होती, दोन्ही संगंच. अन् तू दिसली. हिरवा शालू. नाकातली नथ मायची. तू डोळे पुसून राह्यली होती. तू बारीक झाली, ताई. गुडघे अजून दुखतात का? उभी राहताना तू भाऊजीच्या हाताले धरलं ते मी पाह्यलं.

मंगलाष्टकं सुरू झाली. फोनचा आवाज मोठा केला. आजूबाजूचे सगळे जमा झाले, जहाजावरचेबी अन् दुसऱ्या होड्यायनं आलेले अनोळखी लोकबी. कोणी इचारलं, "कोणाचं लग्न?" मी म्हटलं, "माह्या भाचीचं." केसरबाई म्हणाल्या, "अक्षता कुठं आहेत? अक्षतांबिगर कसं?" तिथं तांदूळ कुठून आणणार? पुष्पाबाईनं पिशवीतून मुरमुऱ्यायचा पुडा काढला. म्हणे, "हेबी तांदूळच ना शेवटी." सगळ्यायच्या हातावर चिमूट चिमूट दिले. मालवणच्या एका होडीवाल्यानं तं दोन्ही हातायची ओंजळ पुढं केली.

अन् मंग, ताई, "शुभ मंगल सावधान" झालं का त्या तटावरून मुरमुरे उडाले. जेवढे लोक होते तेवढ्यायनं टाळ्या वाजवल्या. वाऱ्यानं अर्धे मुरमुरे आमच्याच डोक्यात आले. तुह्या मांडवात वाजंत्री, इथं समुद्र. मी पोटभर रडली अन् पोटभर हसली. तू पत्रिका पाठवली असती तं मी दहाव्या रांगेत खुर्चीवर बसली असती. इथं मी सगळ्यायच्या पुढं होती.

निघताना कप्तानानं मले वर बोलावलं. म्हणाला, "कंडक्टरबाई, तुमच्याशिवाय गाडी कशी सुटेल? डबल बेल द्या." अन् जहाजाच्या शिट्टीची दोरी माह्या हातात दिली. दोनदा ओढली. मालवणच्या किनाऱ्यावरची माणसं वळून पाहाले लागली.

गरम पाणी अजून येत नाही. रात्री पुन्हा पनीर होतं. मले त्याचं काही वाटलं नाही.

तिन्ही पत्रं इथूनच टाकते.

तुही,
कोकी


मेहकर,
२ मार्च

ताई,

तुहं उत्तर आलं नाही. ठीक आहे. तरी हे तुले कळवणं भाग आहे, अन् लवकर कळवणं भाग आहे.

काल दुपारी दारात गाडी थांबली. मी शेंगा निवडत बसली होती. पाहते तं सुचिता उतरली, हातात हिरवा चुडा. मागून जावई ऋत्विक. अन् त्यायच्या मागून तिचे सासरे रंगराव. नव्या जोडप्याले मेहकरच्या बालाजीच्या दर्शनाले आणलं होतं. मले वाटलं, सुचितानं सासऱ्याले गाडीत बसू द्यावं, मी पोरीले गुपचूप भेटून घेते. पण ती तं त्यायले घेऊनच आत आली. मोठ्यानं म्हणे, "बाबा, ही माही मावशी. माहा पहिला साखरपुडा हिनंच मोडला."

माह्या हातातलं सूप खाली पडलं, ताई. म्हटलं, झालं. तीन वर्षं बहिणीनं जे झाकून ठेवलं ते पोरीनं उंबऱ्यातच उघडं केलं.

रंगराव तिथंच पायरीवर चपला काढत होते. हळू माणूस आहे. वर मान करून म्हणाले, "आमाले ते पहिल्यापासून माहीत आहे, बाई. पोरगी पाहाले येण्याच्या आधीच चौकशी केली होती. आमच्या मंडळीनं तेव्हाच सांगतलं, जिच्या मावशीनं भरल्या मांडवात असं बोलून दाखवलं, त्या घरची पोरगी आपल्याले पाह्यजे." मंग खाटेवर बसले अन् म्हणाले, "तुम्ही ते मोडलं नसतं तं आमाले ही सून कुठून भेटली असती?"

मी आत जाऊन पाणी आणायच्या निमित्तानं भिंतीले टेकून उभी राह्यली. पाणी विसरलीच. सुचिता मागून आली अन् मले धरून राह्यली. तिच्या केसाले अजून हळदीचा वास येते.

त्यायले जेऊ घातलं. शेंगाची भाजी, भाकरी, ठेचा. जावयानं तीन भाकरी खाल्ल्या अन् चौथी मागताना लाजला. साडी-चोळीनं मी पोरीची ओटी भरली, जावयाले टोपी-टॉवेल दिला. मावशीचं जे जे असते ते सगळं केलं. पुष्पाबाई येऊन जहाजाच्या गोष्टी सांगत बसली. तिच्या तोंडी त्या तलावात आता पाणी आलं आहे अन् ती त्यात पोहलीबी आहे. मी मधात बोलली नाही.

निघताना रंगरावनं मले इचारलं, "पण बाई, लग्नात तुम्ही दिसल्या नाहीत. काऊन आल्या नाही?"

सुचिता माह्याकडे पाहून राह्यली होती. मी ठरवलं असतं तं त्या एका वाक्यात सगळा हिशेब चुकता झाला असता. माहा आवाज तं तयारच असते. पण मले तू दिसली, मायची नथ घातलेली, भाऊजीच्या हाताले धरून उभी राहणारी.

मी म्हटलं, "काय सांगू भाऊ, ताईनं दहादा निरोप धाडला, स्वतः येऊन बसली, रडली. पण माहं जहाजाचं तिकीट आधीच निघालं होतं."

ते हसले अन् म्हणाले, पुढच्या महिन्यात सत्यनारायण आहे, दोघी बहिणी संगंच या. मी हाव म्हटलं.

तव्हा ताई, हे तुले माहीत असू दे. खामगावले कोणी इचारलं तं तूबी तेच सांग. तू माह्या घरी येऊन बसली होती अन् रडली होती. तारीख तू ठरव, मी कोणतीबी म्हणायले तयार आहे. अन् खोटं बोलायचं जिवावर येत असंल तं त्याच्याआधी एकदा येऊन खरोखर बसून जा.

तुही,
कोकी